मल्याळम नट-निर्माता मधू : एका अभिनयजीवनाचा अभ्यास

१

आधुनिक भारतीय भाषांतील कथावाङ्मय आणि चित्रपट यांचा परस्परसंबंध अभ्यासावयाचा झाल्यास मल्याळम भाषेचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. केरळात ग्रंथालय चळवळ खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली होती. लेखकांनी १९४५ साली स्वतःची सहकारी प्रकाशनसंस्था उभी केली होती. त्यामुळे कादंबरी हा तेथील सामान्य माणसाच्या वाचनाचा विषय झाला होता. १९५६ साली केरळ राज्य अस्तित्वात आले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत तेथील चित्रपटाने आपल्या कथा प्रामुख्याने या कादंबरीवाङ्मयातून घेतल्या. अशा चित्रपटांत काम करणाऱ्या नटापुढे एक निराळीच अडचण उभी राहते. प्रेक्षकांपैकी अनेकांनी ते पात्र आधीच पुस्तकात पाहिलेले असते आणि त्या वाचकाच्या मनातील मूर्तीशी नटाला सामना द्यावा लागतो.

हा सामना ज्या नटांनी यशस्वीपणे दिला त्यांत मधू यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या समकालीनांपैकी सत्यन हे उग्र आणि वास्तव अभिनयासाठी, तर प्रेम नझीर हे प्रणयी नायकाच्या भूमिकांसाठी लोकप्रिय होते. या दोघांच्या मध्ये मधू यांनी आपली वेगळी जागा निर्माण केली. ही जागा पराभूत पुरुषाची होती. ज्याचे प्रेम खरे आहे परंतु जो योग्य क्षणी कृती करू शकत नाही, असा पुरुष त्यांनी पुनःपुन्हा साकार केला. लोकप्रिय चित्रपटाचा नायक हा बहुधा विजयी असावा लागतो. हा संकेत मोडूनही एक नट दीर्घकाळ लोकमान्य कसा राहिला, आणि पुढे निर्माता झाल्यावर त्याने आपल्या स्वातंत्र्यासाठी काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे.

२

मधू यांचे मूळ नाव माधवन नायर. त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १९३३ रोजी तिरुवनंतपुरम येथे झाला. वडील परमेश्वरन पिळ्ळै हे त्या नगराचे महापौर होते. घर सुस्थितीतील व प्रतिष्ठित होते. विद्यार्थिदशेपासून त्यांना नाटकाची ओढ होती, परंतु घराण्याच्या प्रतिष्ठेला साजेसा मार्ग शिक्षणाचा होता. त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात हिंदी भाषा व साहित्य यांचे अध्ययन केले आणि नागरकोविल येथील महाविद्यालयांत हिंदीचे अध्यापन केले.

या तपशिलाचे महत्त्व केवळ चरित्रात्मक नाही. दक्षिणेत हिंदी शिकविणारा तरुण अध्यापक हा दोन भाषाविश्वांच्या सीमेवर उभा असतो. स्वतःच्या भाषेतील विद्यार्थ्याला परभाषेतील शब्दाचा भाव समजावून देण्याचे काम त्याला रोज करावे लागते. शब्दाचा अर्थ आणि त्याचा उच्चार यांतील नाते त्याच्या सतत लक्षात राहते. मधू यांच्या पुढील अभिनयात संथ, अर्थवाही उच्चार आणि वाक्यातील विरामांविषयीची जी सावधता आढळते, तिला या अध्यापनाचा काही आधार मिळाला असावा असे म्हणण्यास जागा आहे.

१९५९ साली दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना झाली. अध्यापकाची स्थिर नोकरी सोडून मधू यांनी या विद्यालयात प्रवेश घेतला. विद्यालयाच्या पहिल्याच तुकडीतील ते विद्यार्थी होत आणि त्या तुकडीतील एकमेव मल्याळी होत. त्या काळात नटाला शास्त्रशुद्ध शिक्षणाची गरज असते हा विचारच नवा होता. नाटकमंडळीत अनुभवाने शिकावे आणि तेथून चित्रपटात जावे, हा सर्वत्र रूढ मार्ग होता. नवजात संस्थेतील शिक्षणाच्या भरवशावर महाविद्यालयातील अध्यापन सोडणे हा मध्यमवर्गीय दृष्टीने धोक्याचाच निर्णय होता.

रंगभूमीसाठी शिक्षण घेतलेला हा विद्यार्थी चित्रपटाकडे वळला तो दिग्दर्शक रामू कारियाट यांच्यामुळे. कारियाट यांच्या ‘मूडुपडम्’ या चित्रपटात मधू यांना भूमिका मिळाली. तथापि प्रेक्षकांसमोर प्रथम आला तो एन. एन. पिषारडी यांचा ‘निणमणिञ्ञ काल्पाडुकळ्’. दोन्ही चित्रपट १९६३ सालचे आहेत. दुसरा चित्रपट पारप्पुरत्त यांच्या कादंबरीवर आधारलेला होता. त्यात नायक प्रेम नझीर होते आणि मधू यांची भूमिका सैनिकाची होती. म्हणजे त्यांच्या पडद्यावरील जीवनाचा आरंभच साहित्यकृतीच्या आधाराने झाला.

३

पुढील वर्षी, १९६४ साली, ‘भार्गवी निलयम्’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. वैकोम मुहम्मद बशीर यांनी आपल्याच ‘नीलवेळिच्चम्’ या कथेवरून त्याची पटकथा लिहिली होती आणि छायालेखक ए. विन्सेंट यांनी तो दिग्दर्शित केला होता. एक लेखक ओसाड घरात राहावयास येतो. त्या घरात भार्गवी नावाच्या तरुणीचे भूत वावरते अशी लोकांची समजूत असते. लेखक त्या अदृश्य तरुणीशी बोलू लागतो, तिला आपले लेखन वाचून दाखवितो आणि अखेर तिच्या मृत्यूचे रहस्य उकलतो. ही लेखकाची भूमिका मधू यांनी केली.

नटाच्या दृष्टीने ही भूमिका कठीण आहे. चित्रपटाच्या बऱ्याच भागात समोर दुसरे पात्र नाही. रिकाम्या खोलीला उद्देशून बोलावयाचे, त्या बोलण्यात भय, विनोद आणि हळूहळू उमलणारी जवळीक दाखवावयाची, आणि तरीही ते स्वगत कृत्रिम वाटू द्यावयाचे नाही, अशी ही कसोटी होती. बशीर यांची भाषा बोलीच्या अगदी जवळची असल्यामुळे नाटकी उच्चाराने तिचा नाश झाला असता. मधू यांनी तो संवाद शेजारच्या माणसाशी बोलावे तसा म्हटला. नाट्यशिक्षणाचा खरा लाभ कोणता झाला, याचे उत्तर येथे मिळते.

१९६५ साली प्रदर्शित झालेल्या ‘चेम्मीन’ या चित्रपटाने त्यांना सर्वदूर कीर्ती मिळवून दिली. तकषी शिवशंकर पिळ्ळै यांच्या या कादंबरीला १९५७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. रामू कारियाट यांनी तिच्यावरून केलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. दक्षिण भारतीय चित्रपटाला हा सन्मान प्रथमच मिळाला. मराठी वाचकाला या पदकाचे स्मरण वेगळ्या कारणाने असेल. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या चित्रपटाला ते पहिल्या वर्षी मिळाले होते. दोन्ही चित्रपट आपापल्या भाषेतील अत्यंत वाचकप्रिय पुस्तकांवर आधारलेले होते, हे साम्य नोंदण्यासारखे आहे.

‘चेम्मीन’ची निर्मिती अनेक भाषिकांच्या सहकार्याने झाली. संगीत सलिल चौधरी यांचे, छायालेखन मार्कस बार्टली यांचे आणि संकलन हृषीकेश मुखर्जी यांचे होते. परीकुट्टीच्या विरहगीतासाठी मन्ना डे यांचा आवाज घेण्यात आला. कोळ्याची स्त्री घरी पतिव्रता राहिली तरच समुद्रात गेलेला तिचा नवरा सुखरूप परत येतो, या किनाऱ्यावरील श्रद्धेभोवती कथा गुंफलेली आहे. करुत्तम्मा ही चेम्पनकुंजू या कोळ्याची मुलगी. तिचे प्रेम मासळीचा तरुण मुसलमान व्यापारी परीकुट्टी याच्यावर आहे. स्वतःची नाव आणि जाळे घेण्याच्या हव्यासाने चेम्पनकुंजू परीकुट्टीकडून द्रव्य घेतो, ते परत करीत नाही, आणि मुलीचे लग्न पळनी या अनाथ कोळ्याशी लावून देतो.

सत्यन यांचा पळनी हा देहाने समुद्राशी झुंजणारा आहे, कोट्टारक्करा श्रीधरन नायर यांचा चेम्पनकुंजू लोभाने पेटलेला आहे, शीला यांची करुत्तम्मा दोन निष्ठांच्या ओढीत सापडलेली आहे. या सर्वांच्या हातून काही ना काही घडते. परीकुट्टीच्या हातून मात्र काहीच घडत नाही. तो देतो, वाट पाहतो आणि किनाऱ्यावर गात हिंडतो. कथानकाने ज्याच्यासाठी कृती ठेवलेली नाही अशा पात्राला प्रेक्षकाच्या मनात उभे करणे हे मधू यांच्या वाट्याला आले. दुःखाचे प्रदर्शन टाळून त्यांनी ते केले. परीकुट्टी आपल्या नुकसानीची तक्रार करीत नाही, आणि त्या तक्रार न करण्यामुळेच त्याला फसविणाऱ्याचा लोभ अधिक उघडा पडतो. शेवटी पळनी समुद्रात भोवऱ्यात सापडतो, आणि करुत्तम्मा व परीकुट्टी यांचे देह किनाऱ्यावर आढळतात. धर्म आणि जात यांच्या भिंतीपुढे कोमल मनाच्या माणसाची जी गत होते, तिचे प्रतीक म्हणून परीकुट्टी हे नाव केरळात रूढ झाले.

४

अशी लोकविलक्षण कीर्ती नटाला एकाच प्रतिमेत कोंडून ठेवते. परीकुट्टीच्या लकबींचे अनुकरण केरळातील नकलाकार पिढ्यान्‌पिढ्या करीत राहिले. या प्रतिमेतून बाहेर पडण्यासाठी मधू यांनी ज्या भूमिका स्वीकारल्या त्यांचा क्रम लक्षणीय आहे.

१९६९ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी गोव्याच्या मुक्तिलढ्यावर ‘सात हिंदुस्थानी’ हा हिंदी चित्रपट काढला. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले सत्याग्रही आणि एक गोमंतकीय तरुणी यांची ही कथा. अब्बास यांनी पात्रांचे प्रांत आणि नटांचे प्रांत यांची मुद्दाम अदलाबदल केली. बंगालचे उत्पल दत्त पंजाबी झाले, आणि केरळचे मधू बंगाली सुबोध सन्याल झाले. त्यातील मराठी शाहीर सखाराम शिंदे याची भूमिका जलाल आगा यांनी केली. अमिताभ बच्चन यांचाही हा पहिलाच चित्रपट. मल्याळी नटाने गोव्याच्या लढ्यातील बंगाली सत्याग्रही हिंदी भाषेत उभा करावा, यात बनारसच्या अध्ययनाचे व नागरकोविलच्या अध्यापनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल. हिंदी चित्रपटात स्थिरावण्याची भाषिक पात्रता असूनही मधू यांचे कार्यक्षेत्र यानंतर मल्याळमच राहिले.

१९७० सालचा ‘ओळवुम् तीरवुम्’ हा मल्याळम चित्रपटाच्या इतिहासातील एक टप्पा मानला जातो. एम. टी. वासुदेवन नायर यांची पटकथा, पी. एन. मेनन यांचे दिग्दर्शन आणि मंकडा रवि वर्मा यांचे छायालेखन यांतून तो साकार झाला. त्यापूर्वीचे बहुतेक चित्रपट स्टुडिओतील उभारलेल्या देखाव्यांत चित्रित होत. येथे मात्र खरी नदी, खरे घाट आणि खरी घरे पडद्यावर आली. केरळ राज्याचा उत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. नदीकाठच्या मुसलमान समाजातील बापुट्टी या साध्या व्यापाऱ्याची भूमिका मधू यांनी केली. त्याची प्रेयसी नबीसा हिच्यावर पैशाच्या जोरावर मिरविणारा पुरुष अत्याचार करतो. बापुट्टी तिला स्वीकारावयास तयार असतो, परंतु ती नदीला जवळ करते. परीकुट्टीपेक्षा बापुट्टी अधिक खंबीर आहे, तो हात उगारू शकतो. तरीही घडून गेलेले तो पुसू शकत नाही. २०२४ साली हीच कथा प्रियदर्शन यांनी मोहनलाल यांना घेऊन पुन्हा चित्रित केली, यावरून तिची शक्ती ध्यानात यावी.

१९७१ साली उरूब यांच्या कादंबरीवरील ‘उम्माच्चू’ या चित्रपटात त्यांनी मायन केला. हा प्रियकर परीकुट्टीच्या अगदी उलट टोकाचा आहे. हवी ती स्त्री मिळविण्यासाठी तो मित्राचा खून करतो, तिच्याशी विवाह करतो आणि त्या पापाच्या ओझ्याखाली अखेर स्वतःचा अंत करून घेतो. प्रेमासाठी काहीच न करणारा आणि प्रेमासाठी सर्व काही करणारा, असे हे दोन पुरुष सहा वर्षांच्या अंतराने एकाच नटाने उभे केले. दोघांचाही शेवट विनाशात होतो.

या मालिकेतील सर्वांत संयत भूमिका १९७२ सालच्या ‘स्वयंवरम्’मधील विश्वम् ही होय. अडूर गोपालकृष्णन यांचा हा पहिला कथापट. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या दीड लाख रुपयांच्या कर्जावर चित्रलेखा या सहकारी संस्थेने तो काढला. घरच्यांचा विरोध डावलून विश्वम् आणि सीता शहरात येतात. विश्वम्‌ला लेखक व्हावयाचे असते. कादंबरी प्रकाशित होत नाही, खासगी शिकवणीवर्गातील नोकरी टिकत नाही, आणि लाकडाच्या वखारीत जी कारकुनी मिळते ती दुसऱ्या माणसाला काढून टाकल्यामुळे रिकामी झालेली असते. पुढे आजारपणात तो मरतो आणि सीता तान्ह्या मुलासह एकटी उरते. येथे परीकुट्टीचे गाणे नाही, मायनचा संताप नाही. नोकरीवरून काढलेला माणूस दारात उभा राहिला असता त्याच्याकडे न पाहता येणे, एवढ्याच सूक्ष्म खुणेवर नटाला आपले काम भागवावे लागते. लोकप्रिय नायकाने आपले सर्व अलंकार उतरवून ठेवावेत असा हा प्रसंग होता. या चित्रपटाला उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री व छायालेखन यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. अभिनेत्रीचा पुरस्कार शारदा यांचा होता. मधू यांच्या वाट्याला पुरस्कार आला नाही, परंतु त्यांच्या संयमावाचून शारदा यांच्या भूमिकेला आवश्यक तो अवकाश मिळाला नसता.

५

अभिनयातील हे स्वातंत्र्य टिकवावयाचे तर निर्मितीची साधने हाती असली पाहिजेत, हा विचार त्यांच्या पुढील कार्यात दिसतो. त्या काळी मल्याळम चित्रपट भाषेने केरळचा असला तरी व्यवसायाने मद्रासचा होता. चित्रीकरणाचे मंच, ध्वनिमुद्रण, रसायनशाळा आणि भांडवल ही सर्व मद्रासमध्ये एकवटलेली होती. कलावंतही तेथेच वस्तीला असत. कुंचाको यांनी १९४७ साली आलप्पुषा येथे उभारलेला उदया स्टुडिओ आणि पी. सुब्रह्मण्यम यांचा तिरुवनंतपुरम येथील मेरीलँड स्टुडिओ हे मुख्य अपवाद होते.

मधू दिग्दर्शनाकडे वळले ते १९७० साली, ‘प्रिया’ या चित्रपटाच्या द्वारे. सी. राधाकृष्णन यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचे कथानक बरेचसे मुंबईत घडते. पोटापाण्यासाठी केरळातून मुंबईस आलेल्या माणसांचे एकटेपण आणि महानगरात स्त्रीदेहाचा होणारा व्यापार हा त्याचा विषय. नायिकेची भूमिका बंगालच्या लिली चक्रवर्ती यांनी केली आणि मधू यांनी स्वतःकडे कृष्णछटेची भूमिका घेतली. नट प्रथमच दिग्दर्शक होतो तेव्हा स्वतःला उजळ भूमिका देण्याचा मोह त्याला होतो. तो त्यांनी टाळला. त्यानंतर ‘सिंदूरच्चेप्पु’, ‘सती’, ‘मान्यश्री विश्वामित्रन’, ‘नीलक्कण्णुकळ्’, ‘अक्कल्दामा’ आदी चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. ‘मान्यश्री विश्वामित्रन’ या १९७४ सालच्या चित्रपटातून श्याम या संगीतकारांचे मल्याळममध्ये पदार्पण झाले.

याच दशकात त्यांनी तिरुवनंतपुरमच्या परिसरात उमा स्टुडिओ उभारला. कन्येचे नाव त्यांनी स्टुडिओला दिले. अभिनयातून मिळालेले द्रव्य यंत्रे, इमारती आणि चित्रीकरणाचा मंच यांत गुंतविणे हा व्यवहारदृष्ट्या सुरक्षित मार्ग नव्हता. स्टुडिओ चालला तरच त्याचे चीज होते, आणि तो चालविण्यासाठी सतत चित्रपट काढावे लागतात. केरळ राज्य चित्रपट विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले आणि त्याचा चित्रांजली स्टुडिओ त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाला. मल्याळम चित्रपटाला आपल्या भूमीत आणण्याच्या या प्रयत्नात एका नटाने स्वतःचे भांडवल घातले, ही गोष्ट त्याच्या अभिनयाइतकीच नोंदण्याजोगी आहे.

निर्माता म्हणून त्यांच्या कामाचे मूल्यमापन करताना मात्र तोल राखला पाहिजे. १९७० ते १९९० या काळातील त्यांच्या निर्मितीतील अनेक चित्रपट कौटुंबिक भावनाट्याच्या रूढ चाकोरीतील आहेत. ज्या चित्रपटांमुळे नट म्हणून त्यांचे स्थान निश्चित झाले ते सर्व दुसऱ्यांनी निर्मिलेले होते. स्टुडिओच्या चाकाला गती देण्यासाठी जे चित्रपट काढावे लागतात, त्यांत प्रयोगाला अवकाश कमी असतो. साधन मिळविण्यासाठी केलेला खटाटोप कधी कधी साध्यालाच मर्यादा घालतो, हा निर्मितीव्यवसायाचा नियम त्यांच्याही बाबतीत चुकला नाही. तरीही त्यांनी निर्मिलेल्या आणि पी. चंद्रकुमार यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मिनी’ या चित्रपटाला १९९५ सालचा कुटुंबकल्याणविषयक उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पित्याच्या मद्यासक्तीशी झगडणाऱ्या मुलीची ती कथा आहे.

या काळातही नट म्हणून त्यांनी वेगळ्या वाटा सोडल्या नाहीत. १९७७ साली आय. व्ही. शशी यांच्या ‘इता इविडे वरे’ या पद्मराजनलिखित चित्रपटात त्यांनी पैली हा बदकांचा व्यापारी केला. नायक त्याच्यावर सूड उगविण्यासाठी गावात येतो, अशी ही कथा. परीकुट्टीचा कोमल चेहरा येथे दांडगाईचा आणि वासनेचा झाला. वय वाढले तसे त्यांनी नायकपदाचा आग्रह सोडून पित्याच्या व वडीलधाऱ्या माणसाच्या भूमिका स्वीकारल्या. त्यांच्या चित्रपटांची एकूण संख्या तीनशेच्या पुढे जाते.

६

२००४ साली केरळ शासनाने त्यांना जे. सी. डॅनियल पुरस्कार दिला आणि २०१३ साली भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. यांपैकी पहिल्या पुरस्काराशी निगडित नाव अर्थपूर्ण आहे. जे. सी. डॅनियल यांनी मूकपटाच्या काळात तिरुवनंतपुरम येथे स्टुडिओ काढून ‘विगतकुमारन्’ हा मल्याळममधील पहिला चित्रपट निर्माण केला. निर्माता, दिग्दर्शक आणि नट या तिन्ही नात्यांनी ते त्यात होते. त्यासाठी त्यांनी आपली मालमत्ता विकली आणि ते पूर्णपणे बुडाले. त्यांची नायिका रोझी ही दलित स्त्री. तिने उच्चवर्णीय स्त्रीची भूमिका केली म्हणून लोकांनी तिला पळवून लावले. डॅनियल १९७५ साली कन्याकुमारी जिल्ह्यातील अगस्तीश्वरम येथे उपेक्षेत वारले. मधू यांनी ज्या नागरकोविलला अध्यापन केले, ते नगरही याच प्रदेशातील.

डॅनियल यांचा स्टुडिओ बुडाला त्या नगरात सुमारे चार दशकांनंतर दुसऱ्या एका नटाने स्टुडिओ उभारला आणि तो प्रतिष्ठेने जगला. हा फरक केवळ व्यक्तींच्या भाग्याचा नाही. मधल्या काळात केरळात वाचक तयार झाला होता, कादंबरीने त्याची रुची घडविली होती आणि पराभूत माणसाची कथा ऐकण्याची त्याची तयारी झाली होती. त्या वाचकाला परीकुट्टी, बापुट्टी, मायन आणि विश्वम् यांच्यात आपली ओळख पटली, म्हणूनच हा नट लोकमान्य झाला. मधू यांच्या अभिनयजीवनाचा अभ्यास त्या दृष्टीने मल्याळम कादंबरीच्या वाचकवर्गाचाही अभ्यास ठरतो. इतर भारतीय भाषांतील साहित्य आणि चित्रपट यांचा तौलनिक विचार करणाऱ्यांनी, नटाने कोणत्या भूमिका केल्या यासोबतच त्या भूमिका स्वीकारणारा वाचक-प्रेक्षक कसा घडला, हेही तपासणे आवश्यक आहे.